दिवसा हललेला दगड

त्या सकाळी करवत कांद्याच्या वाफ्यात खुरपायला बसली होती, पण तण मागं राहत होतं आणि कांदे उपटले जात होते. शेजारच्या वाफ्यातून नवरा ते बघत होता. बायको रागात असली की मध्ये तोंड घालायचं नाही, एवढं शहाणपण त्याला संसारानं दिलं होतं.

करवत हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, गावानं ठेवलेलं. तिची जीभ ज्याच्यावरून फिरे तो माणूस चार दिवस नीट जेवत नसे. आणि तिच्या नवऱ्याला गाव 'जाऊदे' म्हणे. कुणाचं जनावर पिकात शिरलं, जाऊ दे. कुणी पाण्याची पाळी खाल्ली, जाऊ दे. अशी बाई आणि असा माणूस एका चुलीपुढं आले कसे, हे लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आजच्या रागाचं कारण त्यांची पोरगी. तिला घरात घुमी म्हणत, कारण दिवसभरात ती बोलायची ती मोजून चार वाक्यं. पण वर्गात पहिली आली होती. तिचा माध्यमिक शाळेचा अर्ज काल परत आला, आणि त्यावर कारकुनानं लाल शाईनं दोन शब्द ओढले होते, 'घर शिवेबाहेर'.

माध्यमिक शाळा आसपासच्या साऱ्या गावांत मिळून एकच. बाकं थोडी आणि पोरं भाराभर, म्हणून नियम असा होता की गावाच्या शिवेच्या आत राहणारी मुलं आधी, बाहेरची उरली जागा तर. यंदा जागा उरणार नव्हती. पलीकडच्या गावात होती ती लहान्यांची शाळा. त्यापुढं शिकायचं तर नदी ओलांडावी लागे, आणि नदीला पूल नव्हता. म्हणजे घुमीचं शिक्षण इथंच संपणार आणि तिच्या हातात खुरपं येणार. करवतीला जगात दुसऱ्या कशाची एवढी भीती नव्हती. स्वतःचे भेगाळलेले तळवे पुढं करून ती पोरीला म्हणे, "हे बघ आणि अभ्यासाला बस."

"मुकादमानं सांगितलं असणार कारकुनाला," ती म्हणाली, आणि आणखी एक कांदा उपटला.

"असेल," जाऊदे म्हणाला. "शाळेच्या समितीवर आहे ना तो."

"आणि आपलं घर शिवेबाहेर कुणी नेलं?"

यावर जाऊदेनं मान खाली घातली. उत्तर दोघांनाही पाठ होतं.

गोष्ट जुनी होती. गावाची शीव म्हणजे एक काळा दगड, कमरेएवढा उंच, जमिनीत रुतलेला. दगडाच्या अलीकडं हे गाव, पलीकडं दुसरं. करवतीच्या सासऱ्याची जमीन गावाच्या अगदी टोकाला, म्हणून दगड तिच्या खालच्या बांधावर उभा होता. सासू त्याच्यावर विळा घासायची, पुढं करवत घासायला लागली. घासून घासून दगडाला एका अंगाला खोबण पडली होती. त्याच्या पलीकडं, ओढ्याच्या बाजूला, मुकादमाचं शेत सुरू होई.

मुकादम म्हणजे मजुरांच्या टोळ्या कामावर लावणारा माणूस. कुणाला काम मिळायचं आणि कुणी घरी बसायचं हे त्याच्या शब्दावर होतं, त्यामुळं गावात त्याच्या तोंडाला तोंड कुणी देत नसे. एका पावसाळ्यात लोक सकाळी उठले तर शिवेचा दगड जागेवर नव्हता. तो चांगला वरच्या अंगाला, करवतीच्या घराच्याही वर येऊन उभा राहिला होता. घर, अंगण, घराखालचं सगळं रान एका रात्रीत पलीकडच्या गावात गेलं, म्हणजेच मुकादमाच्या शेताला जोडलं गेलं. मुकादम म्हणाला, दगड होता तिथंच आहे, तुमचीच नजर चळली. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दगड पाहिला, एकमेकांकडं पाहिलं, आणि आपापल्या कामाला निघून गेले. कचेरीतल्या नकाशात शिवेच्या रेघेवर नुसतं 'दगड' एवढंच लिहिलेलं होतं, आणि दगड तर समोर उभा होता. करवत भांडायला उठली तेव्हा जाऊदेनं तिचा हात धरला आणि जे नेहमी म्हणायचा तेच म्हणाला.

यावर मुकादमानं जे केलं ते तिला जमीन गेल्यापेक्षाही जास्त लागलं. तो अंगणात आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "घर राहू दे तुमचं. मी काय राक्षस आहे? आणि जायच्या-यायच्या वाटेचं मनात आणू नका, वाट आपलीच समजा." स्वतःच्या घरात राहायची परवानगी मिळाली होती तिला. तेव्हापासून ती रोज त्या वाटेनं कांद्याच्या वाफ्याकडं जाई, आणि मुकादम समोर आला की हसून म्हणे, "जा, जा. आपलीच समजा."

हे हसू तिनं इतकी वर्षं पोटात साठवून ठेवलं होतं. आता तोच माणूस त्याच चोरीच्या दगडावर बोट ठेवून तिच्या पोरीची शाळा तोडत होता. त्यामागचं कारणही तिला माहीत होतं. मुकादमाची नात घुमीच्या वर्गात होती, आणि घुमी पहिली आल्याचं त्याला सहन झालं नव्हतं.

करवत खुरपं टाकून उभी राहिली आणि तिनं उतारावरून खाली पाहिलं. आधी दगड. त्याच्या खाली आपलं घर. आणि आपल्या घराच्या खाली, हडपलेल्या रानात, मुकादमाचं नवं घर, निळ्या रंगाचं, वर पाण्याची टाकी. गावातलं जुनं घर वाटणीत धाकट्या भावाकडं गेलं होतं, तेव्हापासून मुकादम, त्याचा मुलगा, सून आणि नात इथंच राहत.

ती बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, इतकं की तिला बांधावर बसावं लागलं.

"काय झालं?" जाऊदे घाबरून म्हणाला. रागावलेली बायको त्याच्या सवयीची होती, हसणारी नव्हती.

"त्याचं घर बघा."

"रोज बघतो."

"दगडाच्या कुठल्या बाजूला आहे?"

जाऊदेनं दगडाकडं पाहिलं, घराकडं पाहिलं, परत दगडाकडं पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मुकादम इतकी वर्षं गावचा मोठा माणूस म्हणून मिरवत आला होता, की आपण राहतो ते घर गावातच असणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. दगड हलवला त्यानंच, घर बांधलं त्यानंच, पण दोन्हींचा मेळ घालायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"मग आत्ताच जाऊन सांगू कारकुनाला," जाऊदे म्हणाला.

"खबरदार तोंड उघडलंत तर," करवत म्हणाली. "बंद खोलीत नाही सांगायचं. तक्रारींच्या सभेत त्यालाच बोलू द्यायचं."

सभा शाळेच्या पटांगणात भरली. ज्यांचे अर्ज परत आले होते त्यांच्या तक्रारी ऐकायला मोठ्या बाई स्वतः टेबल टाकून बसल्या होत्या. शाळेच्या या मुख्याध्यापिका बाहेरून नव्यानं आल्या होत्या. आवाज बारीक, पण नियम सोडायच्या नाहीत अशी त्यांची ख्याती झाली होती. बाजूला समितीच्या खुर्च्या, आणि मधल्या खुर्चीत मुकादम पाय लांब करून बसला होता. त्याची नात मागच्या रांगेत घुमीशेजारी बसली होती. मोठ्यांचं काहीही असो, या दोघी एका डब्यातलं खात.

घुमीचं नाव आलं तशी करवत पुढं झाली. आवाज तिनं इतका मऊ केला की ओळखणारे लोक चपापले.

"बाई, आम्ही अडाणी माणसं. आमचा अर्ज का फिरला ते आम्हाला समजलं नाही. मुकादम सगळं जाणतात, त्यांनी समजावून सांगावं."

मुकादम खूश झाला. "त्यात समजायचं काय? शिवेचा दगड ठाऊक आहे ना?"

"आहे."

"दगडाच्या पलीकडं तुमचं घर आहे. दगडाच्या पलीकडं राहणारं मूल गावचं नाही."

"मला जरा कमी ऐकू येतं," करवत म्हणाली. "परत सांगता?"

लोकांत खसखस पिकली, कारण करवतीला दोन गल्ल्यांपलीकडचं कुजबुजणं ऐकू यायचं. मुकादमानं आवाज चढवला. "दगडाच्या पलीकडं जे जे घर, त्यातलं मूल गावचं नाही. मग ते कुणाचंही असो. इथं तोंड बघून काम होत नाही."

"कुणाचंही असो?"

"कुणाचंही."

"लिहून घेतलं का, बाई?" करवत म्हणाली. तिचा मूळ आवाज परत आला होता. "आता मुकादमांच्या नातीचा अर्ज काढा. दगडाच्या पलीकडं पहिलं घर माझं. दुसरं त्यांचं."

मुकादम आधी हसला, मग हसू तोंडावर ठेवूनच तो मनात दगडापासून खाली चालत गेला असावा, कारण त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पाय त्यानं आत ओढून घेतले. मोठ्या बाईंनी दुसरा अर्ज काढला, राहण्याचं ठिकाण वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं.

"हे खरं आहे का?"

"म्हणजे, घर तिथं आहे, पण आम्ही गावचेच," मुकादम म्हणाला. "पिढ्यानपिढ्या."

"आम्हीसुद्धा," करवत म्हणाली.

"नात माझ्या भावाच्या घरी राहते असं लिहा. गावातलं घर."

त्याचा धाकटा भाऊ मागं भिंतीला टेकून उभा होता. वाटणीत मुकादमानं त्यालाही पुरता सोलला होता, आणि तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद होतं. "माझ्या घरात जागा नाही," तो तिथूनच म्हणाला. "दादानं वाटणीत ठेवलीच नाही."

आता लोक उघड हसले. मागच्या रांगेत नातीनं घुमीचा हात घट्ट धरला. मोठ्या बाईंनी पेनचं टोपण लावलं.

"हे बघा, शीव कुठं आहे ते मला ठाऊक नाही. गाव दाखवील ती माझी शीव. दगड आहे तिथंच बरोबर असेल तर दोन्ही मुली बाहेर. तो चुकीच्या जागी असेल तर दोन्ही आत. उद्या दुपारी यादी लागेल. त्याआधी काय ते ठरवा."

करवत घरी आली ती तरंगतच. जेवताना तिनं सभा पहिल्यापासून परत सांगितली, मुकादमाचे पाय कसे आत गेले तेसुद्धा करून दाखवलं. जाऊदे हसला. घुमी हसली नाही.

"माझं काय?" ती म्हणाली.

"काय म्हणजे?"

"त्यानं दगड हलवला नाही तर मीपण बाहेर."

करवतीचा घास हातातच राहिला. खरं सांगायचं तर सभेतून निघाल्यापासून तिला पोरीची आठवणच आली नव्हती. तिला मुकादमाचा चेहरा दिसत होता आणि तो बघून तिचं पोट भरत नव्हतं. आपण पोरीची शाळा मागायला गेलो आणि तिचीच शाळा डावावर लावून आलो, हे तिला आत्ता उमगलं. तिला स्वतःची लाज वाटली. पण रागाची धग लाजेपेक्षा मोठी होती, ती काही विझली नाही.

"हलवेल," ती म्हणाली. "नातीवर जीव आहे त्याचा."

दिवेलागणीला मुकादम आला. दार नेहमीसारखं ढकलून न येता त्यानं बाहेरूनच खोकून वर्दी दिली. इतकी वर्षं तो तिला 'ए बाई' म्हणत आला होता. आज उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "वहिनी, जरा बोलायचं होतं."

"बोला."

"पोर रडून रडून अर्धी झालीय. जेवली नाही. तिचा काय दोष?"

"काही नाही. माझ्या पोरीचा काय होता?"

मुकादमानं मान हलवली. "झालं ते झालं. मी काय म्हणतो, मी आज रात्री दोन माणसं घेऊन दगड खाली नेतो. सकाळी बाईंना सांगू, दगड खालीच आहे, बघून घ्या. तुमची पोर आत, माझी आत. आपल्यात काय आहे ते आपल्यात राहील."

"आणि रान?"

"रान तुमचंच," तो म्हणाला. हे दोन शब्द काढायला त्याला फार कष्ट पडले.

घुमी आईकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत एवढंच होतं की हो म्हण. करवतीला ते दिसत होतं. मुकादमाची नात रडत असेल हेही दिसत होतं, आणि त्या पोरीचं वाईटही वाटत होतं. पण तिच्या तोंडून जे निघालं ते दुसरंच निघालं.

"रात्री नाही. वर आला तो रात्री आला. खाली जाईल तो दिवसा जाईल. सगळ्या गावादेखत, मोठ्या बाईंसमोर, आणि माणसं लावून नाही. तुमच्या हातानं."

"वहिनी, अशानं माझी इज्जत राहील का?"

"नातीला शाळा हवी का इज्जत, ते तुम्ही ठरवा. मी आज सभेत ठरवून आले."

मुकादमानं आशेनं जाऊदेकडं पाहिलं. या घरातून आजवर त्याला जे मिळालं होतं ते या माणसाकडूनच मिळालं होतं. जाऊदेनं तोंड उघडलं. त्याला बायको दिसली आणि पोरगी दिसली.

"दिवसाच होऊ द्या, मुकादम," तो म्हणाला.

मुकादम गेला. त्या रात्री घुमी आईकडं पाठ करून झोपली. करवत छताकडं बघत पडून राहिली. तो सकाळी आला नाही तर पोरीला काय तोंड दाखवायचं?

पण तो आला. ऊन वर चढलं तेव्हा तो खांद्यावर पहार घेऊन आला, बरोबर मुलगा. मोठ्या बाई छत्री घेऊन आल्या. आणि गाव तर सगळंच आलं. ज्यांना कधी शाळेशी देणंघेणं नव्हतं तेही आले. मुकादमाचा धाकटा भाऊ सगळ्यांत पुढं, सावलीची जागा धरून बसला होता.

रात्रभर विचार करून मुकादमानं एक तोड काढली होती. दगडाशी उभा राहून तो मोठ्यानं म्हणाला, "बाई, मी चौकशी केली. त्या सालच्या पुरात हा दगड सरकला असणार. आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती. लक्षात आलं तसा मी स्वतः तो जागेवर न्यायला आलोय."

"पूर ओढ्याला आला होता ना, दादा?" भाऊ म्हणाला. "मग दगड चढावर कसा आला? दमला असेल बिचारा."

हशा उठला. मुकादमानं तिकडं लक्ष दिलं नाही. "मूळ जागा मला ठाऊक नाही," तो पुढं म्हणाला. "मी कशाला कुणाच्या बांधाकडं बघतोय. जमीन यांची, यांनी जागा दाखवावी, मी ठेवतो." एवढं बोलून तो जरा सावरला. आपण चोर नाही, गावाचं काम करणारा भला माणूस आहोत, असं निदान मोठ्या बाईंना तरी वाटावं ही त्याची खटपट होती.

करवतीनं ते ऐकलं. जागा मला ठाऊक नाही. तिनं ते शब्द मनात जपून ठेवले.

बापलेकांनी पहार घालून दगड उपटला. तो आडवा झाला तशी त्याच्या अंगावरची विळ्याची खोबण उन्हात दिसली. मग तो लोळवत उतारावरून नेणं सुरू झालं. दगड जड, जमीन ढेकळांची. मुलगा एकीकडून रेटायचा, मुकादम दुसरीकडून अडवायचा. करवतीच्या घरावरून दगड गेला. मुकादमाच्या निळ्या घरावरून गेला. सून दारात उभी होती, ती सासऱ्याला तसं बघून आत निघून गेली. मुकादमाचा सदरा पाठीला चिकटला होता, तळहात सोलले होते, आणि करवत हात मागं बांधून शेजारून चालत होती. तिला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, इतकं बरं तिला लग्नात वाटलं नव्हतं.

खालच्या जुन्या बांधाशी आले. इथं गवत दाट होतं आणि जमीन थोडी खचलेली होती. मुकादमानं दगड थांबवला, पहार रोवली आणि कपाळ पुसलं.

"थांबलात का?" करवत म्हणाली.

"आलं ना."

"काय आलं?"

मुकादमानं तिच्याकडं पाहिलं. "इथंच तर..." तो बोलून गेला आणि गप्प झाला.

मोठ्या बाई छत्री सावरत जवळ आल्या. "इथं होता का? तुम्हाला जागा ठाऊक आहे?"

त्या उतारावर सगळं गाव उभं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती खचलेली जागा चांगली माहीत होती. तिथं बसून त्यांनी उभ्या जन्मात किती वेळा घाम पुसला होता. त्यांनी दगड पाहिला, एकमेकांकडं पाहिलं. त्या सकाळी दगड वर आलेला पाहून जसे गप्प राहिले होते तसेच ते आत्ताही गप्प राहिले, फक्त या वेळी काही जणांनी हसू लपवायला तोंडावर हात धरला होता.

"नाही," मुकादम म्हणाला. "मला कुठून ठाऊक असणार?"

"मग चला," करवत म्हणाली. "अजून खाली आहे."

खरं तर घरून निघताना तिच्या मनात हे नव्हतं. आपलं तेवढं परत घ्यायचं, एवढंच धरून ती आली होती. पण तो 'इथंच तर' म्हणाला आणि तिच्या आत काहीतरी उसळलं. इतकी वर्षं हा माणूस तिला तोंडावर सांगत होता की तुझी नजर चळली. आज त्याची नजर चळायची पाळी होती.

बापलेकांनी दगड पुन्हा लोळवला. जुना बांध मागं पडला. मुकादमाचं स्वतःचं, वडिलांकडून आलेलं, कागदावर खरंखुरं असलेलं शेत सुरू झालं. तिथं त्यानं लिंबं लावली होती. झाडं यंदाच पहिल्यांदा धरली होती, फळांनी वाकलेली. पहिल्या ओळीशी तो थांबला आणि त्यानं मान वर केली. त्याच्या नजरेत आता विनवणी होती.

"अजून थोडं," करवत म्हणाली.

पहिली ओळ गेली. दुसरी ओळ गेली. मुकादमाच्या मुलाला काही कळेना. "बाबा, पण हे तर..." तो म्हणाला, आणि बापानं त्याला एवढ्या जोरात डोळे दाखवले की पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

"इथं," करवत म्हणाली.

त्यानं खड्डा खणला. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पहारीनं, स्वतःच्या हातानं त्यानं दगड उभा केला आणि भोवतीची माती पायानं दाबली. मोठ्या बाईंनी वर पाहिलं. दोन्ही घरं दगडाच्या आत होती. त्यांनी दोन्ही अर्जांवर सही केली आणि म्हणाल्या, "दोघींनाही सोमवारपासून पाठवा." मग छत्री सावरत त्या गावाकडं परत निघाल्या, आणि त्यांच्या मागं हसत-खिदळत गावही.

मुकादम पहार हातात धरून तिथंच उभा राहिला होता. करवत त्याच्यासमोर गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. या क्षणासाठीचं वाक्य तिनं किती रात्री घोळवलं होतं ते तिचं तिलाच माहीत.

"घर राहू दे तुमचं," ती म्हणाली. "मी काय राक्षस आहे? आणि जायच्या-यायच्या वाटेचं मनात आणू नका. आपलीच समजा."

मुकादम चढ चढायला लागला. चालताना पहारीचं टोक जमिनीवर घासत होतं.

सोमवारी दोघी पोरी शाळेला निघाल्या. नवी दप्तरं, पाठीवर वेण्या. नात पुढं धावली आणि वळणावर उभी राहून हाका मारू लागली. घुमी अंगणातच रेंगाळली. करवत ओसरीवर बसून लिंबं निवडत होती. दोन ओळींची तोडणी झाली होती आणि टोपली भरून वाहत होती.

"आई," घुमी म्हणाली, "दगड तिथं नव्हता. बाबांनी मला खरी जागा दाखवलीय."

"माहीत आहे मला."

"मग?"

"त्यालाही माहीत आहे," करवत म्हणाली आणि एक पिकलं लिंबू बाजूला काढलं. "त्याला माहीत असून बोलता येऊ नये, म्हणूनच तिथं ठेवलाय."

घुमीनं टोपलीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. बोलण्यासाठी तिनं तोंड उघडलं होतं, पण वळणावरून पुन्हा हाक आली. मग तिनं दप्तर सावरलं, वळण गाठलं आणि मुकादमाच्या नातीचा हात धरून शाळेच्या वाटेला लागली.